मदत हवी आहे: ऑनलाइन मेंटॉरिंगमध्ये मुलगी फक्त "हो ताई" म्हणते, काय करू?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, पंप डिझाइनमध्ये १४ वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी एका उपक्रमात नाव दिलं, त्यात नोकरी करणाऱ्या इंजिनिअर, डॉक्टर, संशोधक वगैरे बायका शाळेतल्या मुलींना गणित-विज्ञानासाठी ऑनलाइन भेटतात. एक मेंटॉर, एक मुलगी, आठवड्याला एक तास, वर्षभर. जर्मनीत सायबरमेंटर नावाचा याच धर्तीचा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, त्याबद्दल वाचूनच हुरूप आला होता. ही शिकवणी नाही, हे ट्रेनिंगमध्ये दहा वेळा बजावलं होतं. गोडी लावायची, धीर द्यायचा, पुढे काय काय करता येतं ते दाखवायचं.

माझ्या वाट्याला नववीतली मुलगी आली. वेळेवर येते, एकही तास बुडवलेला नाही. पण कॅमेरा कायम बंद आणि काहीही विचारलं की "हो ताई". समजलं का, हो ताई. अवघड वाटतंय का, नाही ताई. मग दोन दिवसांनी गृहपाठाचा फोटो येतो, त्यात (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग. सूत्र तोंडपाठ आहे बरं का, विचारलं तर धडाधडा म्हणून दाखवते, पण गणितात वापरायची वेळ आली की मधलं २अब गायब. मी ३ आणि ४ घालून दाखवलं, ७ चा वर्ग ४९, आणि ९ अधिक १६ म्हणजे २५, मग उरलेले २४ गेले कुठे? चौरस काढून त्याचे चार तुकडे करून ते २४ शोधूनही दिले. हो ताई.

प्रेरणा वगैरे देऊन झाली. मरियम मिर्झाखानी या इराणी गणितज्ञ बाईचं सांगितलं, फील्ड्स पदक (गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान) मिळवणारी पहिली बाई, २०१४ साली, आणि शाळेत एक वर्ष तिचंही गणितात काही धड चाललं नव्हतं, शिक्षकांनाही ती फार हुशार वाटत नव्हती, पुढच्या वर्षी चांगले शिक्षक मिळाले आणि गाडी रुळावर आली. मला वाटलं आता डोळे चमकतील (कॅमेरा बंद असल्याने ते दिसणार कुठून म्हणा). उत्तर आलं, "छान आहे ताई."

आता खरी गोम. आमचे कॉल सुरक्षेसाठी रेकॉर्ड होतात, परवा एक जुना कॉल ऐकला आणि लाजच वाटली. तासाभरात ती जेमतेम तीन मिनिटं बोललीये. मी प्रश्न विचारते आणि तिकडून आवाज आला नाही की मलाच राहवत नाही, नेट गेलं की काय, तिला वाईट वाटलं की काय, असं वाटून मीच उत्तर देऊन मोकळी होते. त्याच कॉलच्या शेवटी तिने चॅटमध्ये स्वतःहून विचारलं होतं, "ताई पंप पाणी ओढतो म्हणजे नक्की काय करतो?" चार महिन्यांतला तिचा पहिला स्वतःचा प्रश्न, तोही माझ्याच विषयातला, आणि मी काय केलं तर वीस मिनिटं व्याख्यान झोडलं!! कॅव्हिटेशनपर्यंत (दाब फार कमी झाला की पंपातल्या पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते) पोचले होते. त्यानंतर तिने काही विचारलेलं नाही.

तर तिला बोलतं कसं करायचं? कॅमेऱ्याचा आग्रह धरावा का? अजून दोन गोष्टी आहेत. ती माझा पर्सनल नंबर मागतेय, म्हणते प्लॅटफॉर्मवरचं चॅट उघडायला वेळ लागतो. नियमात बसत नाही पण नाही म्हटलं तर आहे तेवढंही बंद होईल अशी भीती वाटते. आणि पुढच्या महिन्यात मला सहा आठवडे साइटवर जायचंय, तेव्हा सरळ गॅप घ्यावा की दुसऱ्या कुणा मेंटॉरकडे सोपवावं?

प्रतिसाद १
मी शाळेत गणित शिकवते, २० वर्षं झाली. तुमच्यात विशेष दोष नाही, आम्ही सगळे हेच करतो. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग ऐकून मोजलं होतं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि पुढे जातात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. कॉलवर तर आवाज पोचायलाच वेळ लागतो, मनात दहापर्यंत मोजा, हवं तर तोंडावर हात ठेवा. आणि "समजलं का" हा प्रश्नच बंद करा, त्याला हो शिवाय उत्तर नसतं. त्यापेक्षा सोडवलेलं गणित मुद्दाम एका ठिकाणी चुकवून पाठवा आणि म्हणा यात कुठेतरी घोळ आहे, शोधून दे. दुसऱ्याची चूक काढायला मुलींना भीती वाटत नाही, स्वतःची दाखवायला वाटते. कॅमेरा चेहऱ्यावर नको, वहीवर लावायला सांगा, बघा तयार होते की नाही. घरात मागे कोण बसलंय, फोन कुणाचा आहे, ते आपल्याला माहीत नसतं.

प्रतिसाद २
अशाच एका उपक्रमात समन्वयाचं काम केलंय म्हणून लिहिते. नंबर अजिबात देऊ नका. मुलगी अल्पवयीन आहे, बोलणं तिसऱ्या माणसाला दिसेल अशाच जागी हवं, त्यात तिचीही सुरक्षा आहे आणि तुमचीही. पण नुसतं नाही म्हणून सोडू नका, नियम दोघींना सारखाच आहे हे सांगा आणि चॅट उघडायला वेळ लागतो ही तक्रार तिच्या वतीने तुम्ही समन्वयकांकडे न्या, तिचं म्हणणं ऐकलं गेलं हे तिला दिसू दे. साइटचं म्हणाल तर मेंटॉर बदलू नका. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांचा २००२ चा अभ्यास आहे, ऑनलाइन नव्हे, प्रत्यक्ष भेटीच्या मेंटॉरिंगचा, पण लागू पडतो. वर्षभर टिकलेल्या जोड्यांमध्ये मुलांना सर्वात जास्त फायदा दिसला आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांमध्ये मुलांचा आत्मविश्वास उलट खाली गेला. तारखा आत्ताच सांगा, परत कधी ते सांगा, आणि साइटवरून आठवड्याला पंधरा मिनिटं तरी बोला. पंपाशेजारी उभं राहून बोललात तर सोन्याहून पिवळं.

धागाकर्ती
दोघींचे आभार. प्रतिसाद १, मागे कोण बसलंय हे वाचून एकदम आठवलं, एकदा मागून कुणीतरी "अगं उत्तर दे की पटकन" म्हणालेलं ऐकू आलं होतं, मी तेव्हा लक्षच दिलं नाही. आता वेळ बदलून बघू का असं तिलाच विचारलंय.

कालच्या कॉलचं सांगते. मी म्हटलं, तुझा पंपाचा प्रश्न राहिलाच. समज १५ मीटर लांब स्ट्रॉ आहे, तू गच्चीवर, सरबताचा ग्लास खाली, पिता येईल का? आणि गप्प बसले. चौदापर्यंत मोजलं, घाम फुटला होता. मग म्हणाली, "जोर लावला तर येईल." मी म्हटलं, आणि मशीनने जोर लावला तर? परत गप्प. मग हळूच, "ताई, आपण ओढतो की बाहेरची हवा ढकलते?" साधारण १० मीटरच्या पुढे वरून कितीही ओढलं तरी पाणी वर चढत नाही हे सांगायचा इतका मोह झाला होता! नाही सांगितलं. तिला म्हटलं, हवा ढकलत असेल तर किती उंचीपर्यंत ढकलू शकेल, कसं काढशील? पुढच्या शनिवारी सांगते म्हणाली. "हो ताई" नाही म्हणाली.

चुकवलेलं गणितही पाठवलं, त्यात मी एक चूक घातली होती, तिने दोन काढल्या. दुसरी माझी खरीच होती.

आता एक उपप्रश्न: शनिवारी ती चुकीची पद्धत घेऊन आली तर लगेच थांबवायचं की शेवटपर्यंत जाऊ द्यायचं? प्रतिसाद १, तुम्ही वर्गात काय करता?