म्हाताऱ्या मांजराला निरोप कधी द्यायचा? नागपूरकरांचे अनुभव

आमच्या आजीच्या काळी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात मांजरं असायची, पण त्यांचं म्हातारपण कोणी पाहिलेलं नसायचं. एक दिवस मांजर दिसेनासं व्हायचं, "गेली असंल कुठं" म्हणून विषय संपायचा. आता मांजर घरातच राहतं, त्याची नसबंदी होते, लशी होतात आणि पंधरा-सतरा वर्षांचं होऊन ते आपल्याच पलंगाखाली आजारी पडतं. मग आजीला कधीच न पडलेला प्रश्न आपल्यापुढे येतो. किती ताणायचं, आणि डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला मुक्त करायचं तर कधी?

ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांनी इथे लिहावं. ज्यांनी विचार करूनही तो घेतला नाही, त्यांनीही लिहावं. वर नावाऐवजी आपल्या भागाचं नाव टाका. कशावरून ठरवलं, घरात कोण काय म्हणालं, त्या दिवशी प्रत्यक्ष काय झालं, हे सगळं सांगा. 'तुमचं चुकलं' असं कोणी कोणाला म्हणू नये, एवढीच विनंती.

सुरुवात मी करते. आमच्या ठमीला किडनीचा आजार होता. म्हाताऱ्या मांजरांत तो फार दिसतो. पाणी खूप पिते, लघवी वाढली, पाठीचा कणा हाताला लागायला लागला, एवढ्यावरून आम्ही रक्त तपासलं. या आजाराच्या चार पायऱ्या मानतात आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) ५ च्या वर गेलं की चौथी. ठमी तिसरीत होती. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन कसं द्यायचं ते मला शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई आत गेली की बाटली उंच धरायची. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली की ठमी कुरकुर करायची नाही. नागपूरचा मे महिना अशा मांजराला फार कठीण जातो. पारा ४५ वर, आणि किडनी पाणी धरून ठेवत नाही. तरी तो उन्हाळा तिने कूलरसमोर मजेत काढला.

डॉक्टरांनी तेव्हाच एक काम दिलं होतं. ठमी बरी असताना तिच्या तीन आवडत्या गोष्टी कागदावर लिहायच्या. मी लिहिल्या: सकाळी दूधवाला आला की दारात धावणं, जेवण झाल्यावर पंजे चाटून तोंड धुणं, रात्री माझ्या यजमानांच्या पोटावर चढून बसणं. पावसाळ्यात पहिली गोष्ट गेली. दिवाळीनंतर तिने अंग चाटणं सोडलं, केसांच्या गाठी व्हायला लागल्या, तोंडात फोड आले. पोटावर चढणं उरलं होतं, पण आता तिला उचलून ठेवावं लागायचं आणि ती उतरून कोपऱ्यात जायची. रक्ताचा नवा रिपोर्ट यायचा होता. आम्ही त्याची वाट पाहिली नाही. कागद फ्रिजवर लावलेला होता, तो आम्ही दोघांनी वाचला आणि डॉक्टरांना फोन केला.

ते घरी आले. ठमी तिच्या गोधडीवरच होती.

प्रतापनगर

ताई, तुमचं वाचून डोळे भरले. पण मला उलट बाजू सांगायची आहे, कारण आमच्याकडे घाई होता होता राहिली.

आमचा बाळू चौदा वर्षांचा. खाणं बंद, तोंडातून लाळ, अंगाला वास. भाऊ म्हणाला, "म्हातारा झाला, काहून त्रास देता त्याला?" आईचंही तेच. मी म्हटलं, एकदा तोंड उघडून पाहू द्या. दाढा सडल्या होत्या आणि हिरड्या लाल झाल्या होत्या. भूल द्यायच्या आधी रक्त तपासलं, हृदय पाहिलं, मग दात काढले. नंतर मळमळीचं आणि भुकेचं औषध दिलं. आठवडाभरात तो ताटलीवर ओरडत उभा! त्यानंतर तो पुष्कळ जगला आणि चांगला जगला.

दोन गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. मांजर दोन-तीन दिवस अजिबात खात नसेल तर 'बघू उद्या' म्हणू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि त्यानेच ते जातं, विशेषतः ते जाडं असेल तर. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. 'निरोप' हा शब्द मनात यायच्या आधी दात, थायरॉइड, रक्तदाब आणि सांध्यांचं दुखणं एवढं तरी पाहून घ्या.

इतवारी

आमच्या घरात खरा प्रश्न मांजराचा नव्हता, सासूबाईंचा होता. चिंगीला जबड्याचा कॅन्सर झाला. जिभेखाली गाठ, रक्त यायचं, खायला जायची आणि वाटीशी थबकायची. भूक होती, खाता येत नव्हतं. मला आजही सगळ्यात जास्त तेच आठवतं. डॉक्टर म्हणाले की ऑपरेशनने फार काही हाती लागणार नाही. इंजेक्शनचं बोलणं निघालं तशा सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "मांजर मारलं तर काशीले सोन्याचं मांजर द्या लागते, माहीत हाये ना? माया घरात हे पाप होऊ नाही देणार मी."

मी वाद घातला नाही. त्यांची श्रद्धा खरी आहे, आणि चिंगीला सगळ्यात जास्त भरवलं त्यांनीच. सासऱ्यांनी मात्र एक गोष्ट काढली. ते वर्ध्याकडचे, गांधीजींच्या गोष्टी ऐकत मोठे झालेले. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांत तडफडत होतं, काही उपाय उरला नव्हता. गांधीजींनी डॉक्टरला बोलावून, इंजेक्शन देऊन त्याला मुक्त करवलं. अहिंसा सांगणाऱ्या माणसाने वासरू मारवलं म्हणून लोक फार चिडले, त्यांना रागाची पत्रं आली. तरी त्यांनी ते लपवलं नाही, आपल्या 'नवजीवन' साप्ताहिकात स्वतः लिहिलं. सासरे एवढंच बोलले आणि पेपर वाचायला बसले.

सासूबाई त्या रात्री चिंगीजवळ झोपल्या. ती रात्रभर तोंडावर पंजा घासत होती. सकाळी त्यांनी स्वतःच विचारलं, "डॉक्टर घरी येते का?" त्या दिवशी त्यांनी चिंगीच्या ओठांना गंगाजल लावलं आणि शेवटपर्यंत हात काढला नाही. पुढे काशीला गेल्या तेव्हा त्यांनी काय दान केलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मनीषनगर

आम्हाला विचार करायला वेळच मिळाला नाही. रात्री जेवताना मांजर एकदम किंचाळलं, मागचे दोन्ही पाय ओढत आलं. पंजे थंडगार, नखांजवळचा भाग निळसर. हृदयाच्या आजारात रक्ताची गुठळी सुटून मागच्या पायांकडे जाणाऱ्या धमनीत अडकते, त्यातलं ते होतं. वेदना भयंकर असतात. डॉक्टरांनी आधी वेदनेचं इंजेक्शन दिलं, मग सगळं मोकळेपणाने सांगितलं: वाचलं तरी पुन्हा गुठळी होण्याची भीती मोठी. आम्ही तासाभरात ठरवलं. ज्यांच्या मांजराला हृदयाचा आजार आहे त्यांनी रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून नंबर घरात लावून ठेवा. तेवढंच सांगायचं होतं.

सेमिनरी हिल्स

मी इथल्याच पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले. १९५८ पासूनचं जुनं कॉलेज आहे आमचं. आता खासगी काम करते. लोक आम्हाला विचारतात, "डॉक्टर, तुम्हीच सांगा ना." आम्ही आजार सांगू शकतो. मांजर घरी कसं असतं ते तुम्हीच पाहता. म्हणून पाहायचं कसं, ते लिहिते.

मांजर वेदना लपवतं. घुरघुरतं म्हणजे मजेत आहे असं धरू नका, दुखतानाही घुरघुरतं. चेहरा पाहा. कॅनडात माँट्रियल विद्यापीठात मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पद्धत तयार झाली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच गोष्टी बघायच्या: कान बाजूला वळलेत का, डोळे किलकिले आहेत का, नाका-तोंडाचा भाग ताठरलाय का, मिशा सरळ ताणल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. प्रत्येकी ० ते २ गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनेचं औषध हवं. आधी ते द्या. वेदना आटोक्यात आल्यावर मांजर पुन्हा मांजरासारखं वागायला लागलं, तर तुमचा प्रश्न काही काळ पुढे जातो.

दुसरी मोजपट्टी अमेरिकेतल्या डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण, स्थिती जितकी चांगली तितके जास्त (वेदना कमी तर गुण जास्त). बेरीज ३५ च्या वर असेल तोवर सांभाळत राहणं योग्य मानतात. घरातल्या प्रत्येकाने हे गुण वेगवेगळे द्यावेत असं मी सांगते. जो रोज मांजराच्या शी-शूची मातीची पेटी साफ करतो त्याचे गुण बहुतेक कमी येतात, आणि तेच जास्त खरे असतात.

प्रत्यक्षात काय होतं हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून लोक हादरतात. पहिलं इंजेक्शन गुंगीचं. पाच-दहा मिनिटांत मांजर गाढ झोपतं. ते झोपल्याशिवाय पुढचं करू देऊ नका, तसं आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. हृदय मिनिटा-दोन मिनिटांत थांबतं. डोळे उघडेच राहतात. कधी एक-दोन श्वास घेतल्यासारखं अंग हलतं, लघवी होते. तेव्हा मांजर गेलेलं असतं, त्याला काही कळत नाही. वेदनेतल्या जनावराला असं मुक्त करणं कायद्यात बसतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे तो क्रूर पद्धतीने मारण्याचा.

नंदनवन

पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी पेन्शनवर आहे, मिसेसची साखरेची औषधं चालू. आमच्या राणीला दर आठवड्याला दवाखान्यात भरती करणं मला झेपणारं नव्हतं. मी डॉक्टरांना सरळ म्हटलं, साहेब, माझ्याजवळ इतकेच आहेत, यात तिच्यासाठी सगळ्यात चांगलं काय होईल? त्यांनी महागड्या तपासण्या सोडल्या, मळमळीचं आणि वेदनेचं औषध दिलं, काही आठवडे ती आरामात राहिली. मग आम्ही तिला मुक्त केलं. माझं तिच्यावर प्रेम कमी नव्हतं. डॉक्टरशी पैशाचं बोलायला लाजू नका बाप्पा.

कामठी रोड

आम्ही इंजेक्शन दिलं नाही. सोनू खूप म्हातारी झाली होती, हळूहळू विझत होती, पण वेदना नव्हत्या. डॉक्टरांनी दोनदा येऊन तेच सांगितलं. त्यांनी एक यादी दिली: तोंड उघडून श्वास घेतला, झटके आले, ओरडली, तर लगेच फोन करायचा, वेळ पाहायची नाही. आम्ही तिला बाथरूमच्या गार फरशीजवळ जागा दिली, कापसाने तोंड ओलं करत राहिलो, खालची चादर बदलत राहिलो. यादीतलं काही झालं नाही. ती पहाटे गेली.

पण 'नैसर्गिक' म्हणजे सोपं असं कोणी समजू नका. शेवटची रात्र लांब होती, मी प्रत्येक श्वास मोजत बसले होते. यादी आणि फोन उचलणारा डॉक्टर नसता तर मी हा रस्ता धरला नसता. इतवारीच्या चिंगीसारखी गाठ असती, तरी नसता धरला.

हिंगणा

नंतरचं थोडं. आम्ही गुंड्याला शेतात पुरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की खड्डा खोल पाहिजे, तीन-चार फूट तरी, वर दगड. इंजेक्शनचं औषध शरीरात राहतं आणि कुत्र्याने उकरून खाल्लं तर त्यालाही विषबाधा होते. फ्लॅटवाल्यांनी कॉलनीच्या मैदानात उथळ खड्डा करू नये.

दुसरी मांजर त्याच्यासोबतच वाढलेली. आम्ही तिला जवळ येऊ दिलं, तिने वास घेतला आणि बाजूला गेली. पुढे काही दिवस ती त्याच्या जागी ओरडायची, खाणं कमी झालं. तिच्या खाण्याकडे आम्ही रोज लक्ष ठेवलं.

सक्करदरा

मी आताच त्यात आहे. माझा गबरू सोळाचा. किडनीच आहे. दोन दिवस चांगले जाते, वाटते हा बरा होऊन राहिला. तिसऱ्या दिवशी उठत नाही. आज सकाळी ठमीवाल्या ताईंसारखा कागद घेतला. माझ्या पोरीने लिहिलं: खिडकीतून कबुतरं पाहणं, तिच्या दप्तरात बसणं, दही. दही अजून खाते. खिडकीवर चढत नाही, म्हणून आम्ही खिडकीखाली स्टूल लावून राहिलो. त्याने तरी चढते का ते दोन-तीन दिवस पाहतो. सेमिनरी हिल्सच्या मॅडम, सातही गुण आज आम्ही तिघांनी वेगवेगळे लिहिले. माझे ४१ आले, पोरीचे ४४, मिसेसचे ३३. मातीची पेटी मिसेसच साफ करते. संध्याकाळी डॉक्टरांकडे तिन्ही कागद घेऊन जातो आहे, आणि वेदनेच्या औषधाचं आधी विचारतो.