मदत हवी आहे: शहरातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) एका कामात कशा आणाव्यात?

जय ख्रिस्त. मी नगर शहरात पाळकीय सेवा करतो. बायबलमधल्या यिर्मया 29:7 मधलं शहराचं हित एकट्या मंडळीच्यानं साधणार नाही, ही हाक मनातून जात नाही. इथे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), पेंटेकॉस्टल, घरगुती मंडळ्या, सगळे आहेत.

18 ते 25 जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात एकत्र प्रार्थना घेऊन पाहिली. लोक येतात, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं रंगतात, चहा होतो. मग थेट पुढचा जानेवारी. (मंडळ्यांतल्या बहिणी मार्चमधला जागतिक प्रार्थना दिन आमच्यापेक्षा कितीतरी एकोप्यानं करतात.) पाळकांची बैठक बोलावली की संदेश कोण देणार, बॅनरवर कुणाचं नाव वर, इथेच गाडी अडते. लहान मंडळ्यांच्या पाळकांना खरी भीती वेगळीच आहे: आपली चार कुटुंबं मोठ्या चर्चकडे जातील. ती भीती मला रास्त वाटते.

म्हणून आता कामापासून सुरुवात करायचा विचार आहे: सरकारी दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांना रात्रीचं जेवण आणि व्यसनात अडकलेल्या तरुणांच्या घरी भेटी.

प्रभुभोजन आणि बाप्तिस्म्याचे मतभेद मिटवायला मी निघालेलो नाही. नवा ट्रस्ट, बाहेरचा निधी, व्यासपीठावर पुढारी, यातलं काहीही नको.

तुमच्या शहरात असं काम वर्षभर टिकलं असेल तर सांगा: जबाबदारी मंडळ्यांमध्ये फिरती ठेवली की कायम समिती नेमली? आणि सभासद ओढायचे नाहीत, हा करार पाळकांमध्ये लेखी केला का?