विषय: सासऱ्यांच्या वडिलांची जन्मनोंद (धरणगाव / यावल) – जरा तातडीचं

प्रेषक: वैशाली

नमस्कार मंडळी,

थेट मुद्द्यावर येते. सासऱ्यांच्या ओसीआयची (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाची) फाइल परत आली. सासरे नैरोबीचा जन्म, त्यांचा दाखला व्यवस्थित आहे. अडलंय ते बाबांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं. बाबांच्या जुन्या ब्रिटिश पासपोर्टवर जन्मस्थळ फक्त 'खान्देश'. खिडकीवरची मुलगी विचारते, हा जिल्हा नकाशात दाखवा. आता काय दाखवू?

दुसरं म्हणजे नैरोबीच्या दाखल्यावर बापाचं आडनाव पाटील, आणि गावाकडे सगळे चौधरी.

माझा भाऊ जळगावहून तालुक्याला जाऊन आला. १९२१ चं दप्तर पाहिलं आणि 'नोंद आढळत नाही' असं लिहून दिलं. पत्रिका आहे आमच्याकडे, तिच्यावर माघ, शके १८४३. गाव धरणगावकडचं. एक एजंट म्हणतो, उशिराची नोंद म्हणून ऑर्डर काढून नवा कोरा दाखला आणून देतो. पैसे बरेच सांगतोय. करावं का? नितीनच्या आईच्या वेळी काय केलं होतं ते कोणी सांगेल का? नितीन फोन उचलत नाहीये.

वैशाली

---

प्रेषक: अण्णा

वैशाली,

शाळेचा दाखला काढ. बाकी काही करू नकोस. लोकल बोर्डाच्या शाळा पुढे जिल्हा परिषदेकडे आल्या, पण जनरल रजिस्टर गावातच कपाटात असतं. हेडमास्तरांना अर्ज द्यायचा, नाव आणि अंदाजे साल सांगायचं. माझ्या वडिलांचं १९२८ सालचं पान मी स्वतः पाहिलंय, शाई अजून काळीभोर.

तारखेवर मात्र विसंबू नकोस. आम्ही चौघे भाऊ, चौघांचा जन्म १ जूनचा. आईला विचारलं तर एक पोळ्याचा, एक संक्रांतीचा, मी अखजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या रात्रीचा. मास्तरांनी पोरगं पहिलीत बसावं म्हणून १ जून मांडला आणि मोकळे झाले. इथल्या ब्रिटिश पेन्शनवाल्यांना ते समजावताना माझा घाम निघाला. त्यांना वाटलं, आम्ही जुळे, तिळे, काय ते.

अण्णा

---

प्रेषक: शिरीष

अण्णा, १ जून असला तरी बिघडत नाही. त्या पानावर जन्मगाव, तालुका, जिल्हा आणि बापाचं नाव असतं. वैशालीला हवंय ते तेवढंच.

शिवाय फाइल परत का आली ते नीट वाचा. नियमात जन्मदाखलाच द्या असं नाही. २६ जानेवारी १९५० ला माणूस भारताचा नागरिक होता, किंवा व्हायला पात्र होता, एवढं दाखवलं की त्याची मुलं, नातवंडं, पतवंडं ओसीआयला पात्र. राज्यघटनेचा अनुच्छेद ८ याच लोकांसाठी आहे: राहतो परदेशात, पण स्वतः किंवा आईबाप, आजी-आजोबांपैकी कोणी १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या हिंदुस्थानात जन्मलेला. बाबा त्यात सरळ बसतात. प्रश्न फक्त 'खान्देश' म्हणजे कुठलं गाव, आणि पाटील तोच चौधरी, हे कागदावर दाखवायचा.

---

प्रेषक: जिभाऊ

वैशालीताई, राम राम.

मी सध्या लेकाकडे आलेलो आहे, त्यानेच ही मंडळाची मेलची यादी उघडून दिली. आयुष्य महसुलात गेलं, म्हणून चार शब्द सांगस.

पहिलं, साल. शकात ७८ मिळवून १९२१ काढलंत, पण महिना माघ आहे. माघ-फाल्गुन इंग्रजी नव्या वर्षात पडतात, तिथे ७९ मिळवायचे. म्हणजे १९२२ चा जानेवारी-फेब्रुवारी. तुमच्या भावाने मागितलं ते दप्तरच वेगळं. कारकुनाने बरोबरच लिहून दिलं, त्याला काय दोष द्यायचा.

दुसरं आणि मोठं. बाबा पहिलटकरणीचे का? मग ते धरणगावकडे जन्मलेच नसणार. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुम्हाला मी काय सांगावं. आणि जन्म जिथे झाला तिथल्या गावात नोंद व्हायची. कोतवाल घरोघर विचारून सांगायचा, पाटील लिहायचा, ते पुढे तालुक्याला जायचं. गाव नमुना १४ म्हणून मागा, लोक कोतवाल बुक म्हणतात. बाबांच्या आईचं माहेर कुठलं ते घरात विचारा. माझ्या नोकरीत 'नोंद नाही' म्हणून परत गेलेली निम्मी माणसं मामाच्या गावाला जायची राहिलेली असायची.

तिसरं. नाव शोधू नका, नाव नसतंच. बारशाच्या आधी वर्दी जायची. तिथे तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे 'मुलगा' नाहीतर 'मुलगी', बस. बापाच्या नावावर बोट ठेवून खाली यायचं. आडनावही बहुतेक नसतं, 'अमुक वल्द तमुक' एवढं, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. पान मोडीत निघालं तर घाबरू नका. २०२३ ला कुणबी नोंदींसाठी शिंदे समिती बसली तेव्हा तालुक्या-तालुक्याला मोडी वाचणारे शोधले गेले, जुनी पुस्तकं स्कॅन झाली. काही जिल्ह्यांच्या संकेतस्थळावर ती पानं घरबसल्या दिसतात.

खिडकीवरच्या मुलीला सांगा: खान्देश जिल्हा १९०६ साली तुटला. पूर्व खान्देश म्हणजे आजचं जळगाव, पश्चिम खान्देश म्हणजे धुळे. धुळ्यातून १ जुलै १९९८ ला नंदुरबार निघाला. धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यात होतं, तेव्हा जुनं दप्तर दोन्ही ठिकाणी विचारा.

एजंटाला हात जोडा. जन्म-मृत्यूचा कायदा १९६९ चा. वर्ष उलटलेल्या नोंदीला आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा, २०२३ च्या दुरुस्तीने ते काम जिल्हादंडाधिकारी आणि प्रांताकडे आलं. पण शंभर वर्षांपूर्वी जन्मलेल्या, वारलेल्या माणसाचा कालच्या तारखेचा कोरा दाखला कोण खरा मानेल? २०२५ मध्ये अशा उशिराच्या दाखल्यांची राज्यात चौकशीही लागली. फाटकं पान चालेल, कोरं नको.

जिभाऊ

---

प्रेषक: सचिव

सर्वांना नम्र विनंती. ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. व्यक्तिगत कागदपत्रांची चर्चा फोनवर करावी. समित्या, आरक्षण वगैरे विषय तर नकोतच, गणपतीच्या वेळचं आठवतंय ना सगळ्यांना.

कानबाई देवीच्या उत्सवाच्या जेवणासाठी अजून निम्म्या घरांची नावं आलेली नाहीत. नैवेद्याचे रोट किती करायचे ते ठरत नाही.

---

प्रेषक: नलूताई

सचिव, आरक्षणावर कोणी बोललेलं नाही, जिभाऊंनी पुस्तक कुठे सापडेल ते सांगितलं. आणि कागदपत्रांचं पान मंडळाच्या संकेतस्थळावर टाकू, हे मागच्या कार्यकारिणीने कबूल केलं होतं. ते असतं तर ही मेल आलीच नसती.

माझं आजोळ निझरचं. आईच्या जन्माच्या वेळी पश्चिम खान्देश, १९६० ला महाराष्ट्र-गुजरात झाले तेव्हा पलीकडे गेलं, आता तापी जिल्हा. आई देश सोडून कुठे गेली नाही, पण तिच्या नोंदीसाठी मला गुजरातीत अर्ज करावा लागला. नंदुरबार-नवापूरच्या सीमेवरच्यांनी हे लक्षात ठेवा.

रोट आमच्या घरचे चार धरा.

---

प्रेषक: रोहिणी

माझ्या सासरचं याच्या अगदी उलट झालं. ते मॉरिशसचे मराठी. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची (करारावर नेलेल्या मजुरांची) रजिस्टरं आहेत. नवऱ्याच्या खापरपणजोबांचा नंबर सांगितला तर वय, बापाचं नाव, गाव, तालुका सगळं निघालं, वर फोटोसुद्धा. बोटीवर चढवताना इंग्रजांनी जे लिहून घेतलं ते आपल्या गावच्या पाटलानेही लिहिलं नसेल. तेव्हा माणूस जिथे पोचला तिथलं दप्तर आधी बघा, असं माझं मत.

---

प्रेषक: बापू

रोहिणी, ते कोकणातले लोक, मजूर म्हणून नेलेले, म्हणून नंबर. आपले भुसावळवाले आफ्रिकेला गेले ते तिकीट काढून, नोकरीवर. त्यांना कोण नंबर देणार.

माझे मोठे काका भुसावळच्या लोको शेडमधून गेले. ईस्ट आफ्रिकन रेल्वेज अँड हार्बर्स १९४८ ला निघाली त्याच सुमाराला. पुढे कंपालाला बदली. १९७२ ला युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली तेव्हा काकू एक पेटी घेऊन निघाली. त्या पेटीत कपडे कमी आणि काकांची सर्व्हिसची कागदं जास्त, त्यावरून काकांनी तिला जन्मभर हसवलं. पण पुढे इथे सगळी कामं त्या कागदांवर झाली. जन्मतारीख, गाव, तालुका, बापाचं नाव, अंगावरची खूण: 'डाव्या भुवईवर व्रण'. वैशाली, बाबा रेल्वेत होते ना? घरात पेटी असेलच बघ.

---

प्रेषक: वैशाली

सगळ्यांचे आभार. सचिव, एकदाच लिहिते, मग फोनवर.

बाबांच्या आईचं माहेर यावल तालुक्यात निघालं. सासऱ्यांना माहीत नव्हतं, त्यांच्या नव्वदीच्या आत्याने फोनवर एका दमात सांगितलं, वर विचारलं की एवढी वर्षं कोणी का नाही पुसलं. भाऊ यावलला जाऊन आला. १९२२ चं पुस्तक मिळालं, फेब्रुवारीत एक ओळ आहे: बापाचं नाव बरोबर, त्याच्या बापाचं नाव बरोबर, जात बरोबर, पुढे 'मुलगा'. जिभाऊ म्हणाले तसं आडनाव नाही. नक्कल मिळतेय.

सर्व्हिसची कागदं नाहीत, पेटी लेस्टरच्या घरातून कधी गेली कोणाला ठाऊक नाही.

आता अडलंय ते इथे: हा 'मुलगा' म्हणजे बाबाच हे कसं दाखवू? आणि पाटील-चौधरी?

---

प्रेषक: जिभाऊ

ताई, आता सोपं झालं. बाबांचे वडील वारले तेव्हा जमिनीला वारस लागले असतील. तो फेरफार काढा, गाव नमुना ६. त्यात सगळ्या भावांची नावं असतात, आणि गैरहजर भावाच्या पुढे तलाठी बहुतेक 'परदेशी' लिहितोच, कारण त्याची सही नसते. आडनाव चौधरी तिथे सापडेल. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख'वर आहेत, नसले तर तालुक्याला.

त्याला अण्णा म्हणतात तो शाळेचा दाखला जोडा, त्यावर जन्मगाव यावलकडचं आलं तर उत्तमच. पाटीलकी घरात असली की पोरं शाळेत चौधरी आणि बाहेर पाटील, हे आमच्याकडे घरोघर. तेवढ्यापुरतं सासऱ्यांचं प्रतिज्ञापत्र करा. सगळ्या कागदांची इंग्रजी करून घ्या, पण मूळ नक्कल वर ठेवा.

---

प्रेषक: शिरीष

प्रतिज्ञापत्र इथल्या सॉलिसिटरपुढे करा, भारतातून नको. आणि एकच पानाचं पत्र वर लावा: ओळ पहिली पासपोर्ट, दुसरी यावलची नक्कल, तिसरी फेरफार, चौथी शाळा, पाचवी नैरोबीचा दाखला. खिडकीवरच्या माणसाला खान्देशचा इतिहास वाचायला लावू नका.

---

प्रेषक: अण्णा

शाळेचा दाखला मी पहिल्याच मेलमध्ये सांगितला होता.

---

प्रेषक: नलूताई

जिभाऊंनी लिहिलेलं मी संकेतस्थळाच्या पानासाठी टाइप करून ठेवलंय. जुन्या तालुक्यांची यादीही त्यांच्याकडून घेते, शिंदखेड्याचं पूर्वी विरदेल होतं ते नव्या पोरांना कुठून कळणार. पण पासवर्ड कोणाकडे आहे?

---

प्रेषक: सचिव

पासवर्ड मागच्या खजिनदारांकडे. त्यांनी हिशोब दिल्याशिवाय मी त्यांना फोन करणार नाही, हे कार्यकारिणीत ठरलेलं आहे. नलूताई, तुम्ही करून बघा.

रोट अजूनही कमी पडतायत.