एक पाय दमदार, दुसरा नाटकी, ५४व्या वर्षी सुधारतो का?

टेकडीवाला५४
मंडळी, रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या, दोन फेऱ्या, बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे मी स्वतःला फिटच समजत होतो. परवा उभ्याउभ्या पँट घालताना उजव्या पायावर मस्त उभा राहिलो आणि डाव्यावर भार दिला तर थेट भिंतीवर. मग मुलीने मी पायऱ्या उतरतानाचा व्हिडिओ काढला, डाव्यावर वजन आलं की कंबर उजवीकडे खाली जाते आणि डावा गुडघा आत वळतो. २०१९ला डावा घोटा फ्रॅक्चर होता, फिजिओ चार दिवस केली नि सोडली (माझाच आळस). पण जिममध्ये लेग प्रेसला ८० किलो आरामात जातं, मग पाय कमजोर कसा??

गुडघेबाई
काका, ८० किलो दोन्ही पायांनी ढकलता ना? तिथेच गोम आहे, उजवा स्वतःचं करून डाव्याचंही काम करतो आणि तुम्हाला कळतही नाही. माझ्या फिजिओने दोन पायांचं सगळं महिनाभर बंदच करून टाकलं होतं. एकेक पाय वेगळा घ्या, सुरुवात डाव्याने, आणि डाव्याने जेवढे रेप्स झाले तेवढेच उजव्याने, एकही जास्त नाही.
कंबर खाली जाते म्हणजे बहुतेक कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू ढिला पडलाय. उजव्या कुशीवर झोपून डावा पाय सरळ वर उचला, पण जरासा मागे ठेवून, कारण पाय पुढे आला की मांडी चोरून काम करते. नीट केलंत तर दहाव्यालाच कुल्ल्यापाशी आग होईल, तिथे होत नसेल तर चुकतंय.

रिटायर्ड_पण_टायर्ड_नाही
अहो थोडा फरक सगळ्यांतच असतो, दोन्ही बाजू अगदी सारख्या कुणाच्याच नसतात. पण तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू जातात आणि ताकद त्याहून भरभर जाते, नुसत्या चालण्याने ते भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना पण आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, पासष्टीनंतर तोलाचा ३ दिवस. मात्र अशक्तपणा अचानक आला असेल, पाय बधिर होत असेल किंवा पाऊल फरफटत असेल तर इथे विचारत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

कुकरच्या_शिट्ट्या
मी कुकर लावला की ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभी राहते, एक शिट्टी डावा, एक शिट्टी उजवा. डाळ शिजते आणि तोलही सुधारतो 😄 बोट सोडायची घाई मात्र करू नका, मी एकदा सोडलं आणि मिसळणाचा डबा खाली.

टेकडीवाला५४
@गुडघेबाई, करून बघितलं. डावा सहाव्यालाच थरथरला, उजवा वीस झाले तरी ढिम्म. साधारण किती दिवसांत फरक दिसतो?

गुडघेबाई
तोल मला दोन-तीन आठवड्यांत बरा वाटायला लागला, ते म्हणे मेंदू आणि नसांचं शिकणं असतं. स्नायू भरायला दोन-तीन महिने धरा, तेही आठवड्यातून तीनदा केलंत तर. आणि यावेळी चार दिवसांत सोडू नका 😉

टेकडीवाला५४
मुलीला वाचून दाखवलं, तिने शेवटचं वाक्य फ्रीजवर चिकटवलंय.