एमबीएचा अर्ज: यंदा टाकू की थांबू? स्कॉलरशिपची आशा कितपत?

हिंजवडी_फेज२:
मेकॅनिकल, ७.१ सीजीपीए, आयटीत ४ वर्षं. जीमॅटच्या (एमबीएची प्रवेश परीक्षा) सराव परीक्षेत ६१५. यादीत हैदराबादची आयएसबी, फ्रान्सची इन्सेड आणि अमेरिकेतली दोन-तीन कॉलेजं. कर्ज ४० लाखांपुढे नको. सप्टेंबरच्या (पहिल्या) फेरीत अर्ज टाकू का?

कट्ट्यावरचा:
६१५ कुठल्या चाचणीत? क्लासच्या चाचणीतले असतील तर सोडून द्या. एमबीए डॉट कॉमवर (जीमॅटची अधिकृत साइट) दोन अधिकृत चाचण्या फुकट आहेत. एका बैठकीत द्या: २ तास १५ मिनिटं, मध्ये १० मिनिटांची एकच सुट्टी. तीच चाचणी पुन्हा दिली तर ओळखीचे प्रश्न येऊन गुण फुगतात.

जुने लेख वाचून ७०० चा आकडा धरून बसू नका. जीमॅटची गुणांची नवी पट्टी २०५ ते ८०५ आहे. जुने ७०० म्हणजे आताचे साधारण ६४५. गुणवत्तेवरची स्कॉलरशिप कॉलेजं बहुतेक वर्गाचा स्तर वर खेचणाऱ्यांना देतात. त्यात आयटी इंजिनिअर हा सगळ्यात गर्दीचा डबा. वर्गाच्या सरासरीखाली असाल तर प्रवेश मिळेलही, पण पैशाची आशा कमी. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डमध्ये मदत फक्त आर्थिक गरजेवर मिळते, तिथे जास्तीचे गुण त्यासाठी कामाचे नाहीत.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत हवा तो स्कोअर हातात नसेल तर जानेवारीची फेरी धरा, वर्ष घालवू नका. शेवटची फेरी मात्र टाळा; तोवर स्कॉलरशिपचा बराच पैसा वाटून झालेला असतो. जीमॅट पुन्हा द्यायची तर मध्ये १६ दिवस जावे लागतात, हेही गणितात धरा.

सदाशिवपेठी:
सीव्ही एका पानाचा. ‘क्लायंट रिपोर्टिंग सांभाळलं’ ही ओळ मेलेली आहे. ‘३ दिवसांचा अहवाल ४ तासांवर आणला’ असं लिहा, आणि तो आकडा तुमच्या मॅनेजरच्या शिफारसपत्रातही येऊ द्या. मॅनेजरला किमान सहा आठवडे आधी सांगा. नाहीतर शेवटच्या रात्री ‘मेहनती मुलगा आहे’ एवढंच लिहून मोकळे होतात.

इन्सेडच्या बऱ्याच स्कॉलरशिपना वेगळा निबंध लागतो. प्रवेशाचाच निबंध चिकटवला की लगेच कळतं.

लॉ_कॉलेज_रोड:
सरकारी योजनाही बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्तीचं काम पुण्यातलं समाजकल्याण आयुक्तालय बघतं, मराठा समाजासाठी सारथी ही सरकारी संस्था. अशा योजनांत क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीची अट असते. इन्सेड, लंडन बिझनेस स्कूल ही फक्त बिझनेस स्कूल्स असल्याने त्या सर्वसाधारण यादीत नसतात, म्हणून आधी जाहिरात वाचा, मग कॉलेज ठरवा.

महाराष्ट्रातच करायचं ठरलं तर सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) देऊन कॅप म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच प्रवेश घ्या. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेवर राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळत नाही. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. महाडीबीटीचे (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) पैसे आधारशी मॅप झालेल्या, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधारला जोडलेल्या, खात्यात जातात. बँकेत नुसता आधार नंबर नोंदवून भागत नाही. मॅपिंग एखाद्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला असेल तर पैसे अडकतात.

हिंजवडी_फेज२:
दोन ठिकाणांहून ऑफर आली तर घासाघीस चालते का?

कट्ट्यावरचा:
अमेरिकेत चालते. दुसऱ्या कॉलेजचं स्कॉलरशिपचं पत्र जोडून, किती रक्कम वाढली तर तुम्ही याल ते स्पष्ट लिहून प्रवेश कार्यालयाला मेल करा. डिपॉझिट भरायच्या आधी. एकदा भरलं की त्यांना हात सैल सोडायचं कारण उरत नाही.