मदत हवी आहे: हरणांचा कळप जिवंत वाटत नाही

नमस्कार मंडळी,

युनिटीमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक गवताळ माळ उभा केलाय. त्यात साठेक हरणं चरतात आणि खेळाडू त्यांच्याजवळ जाऊ बघतो. शिकार नाही, नुसतं निरीक्षण. मॉडेल आणि ॲनिमेशन छान आहेत (विकतची आहेत, श्रेय माझं नाही). घोडं अडलंय ते वागण्यात.

कळपासाठी क्रेग रेनॉल्ड्स यांची १९८७ची बॉइड्सची पद्धत (थवा-कळपाची हालचाल साध्या नियमांतून उभी करणारी) घेतली आहे: शेजाऱ्यापासून अंतर राख, त्याच्या रोखानं वळ, घोळक्याच्या मध्याकडे सरक. पळताना झकास दिसतं. चरताना मात्र सगळी कवायतीला उभी केल्यासारखी एकाच दिशेला तोंड करून पुढे सरकतात.

शिवाय प्रत्येकाला स्टेट मशीन आहे, म्हणजे ठरलेल्या अवस्थांपैकी एका वेळी एकच: चरणे, सावध, पळणे. खेळाडू ३० मीटरच्या आत आला की पळायचं. त्या सीमेवर मान सारखी वर-खाली व्हायची, म्हणून शांत होण्याचं अंतर ४५ केलं, ते थांबलं. खरं दुखणं वेगळंच आहे. खऱ्या हरणांचे व्हिडिओ सावकाश चालवून पाहिले तर आधी एक कान वळतो. चावणं थांबतं, गवताची काडी ओठातून तशीच लोंबत राहते. मग मान वर येते आणि बराच वेळ काहीच नाही. कधी पुढचा पाय आपटतं, कधी मान खाली घालून चरल्याचं सोंग करतं आणि झटकन वर बघतं. ही मधली घालमेल मला हवी आहे. रँडम विलंब टाकून पाहिला. वेगवेगळ्या वेळी पळतात खरी, पण विनाकारण पळाल्यासारखी वाटतात.

भीतीचा साठत जाणारा आकडा ठेवावा का? तो शेजाऱ्याकडून पसरू दिला तर एकानं मान वर केली की साखळी थांबतच नाही. की सरळ बिहेव्हियर ट्रीकडे (निर्णय झाडाच्या फांद्यांसारखे मांडायची पद्धत) वळू? मशीन लर्निंग शक्यतो नको. त्यातून बक्षीस मिळवायला शिकलेलं काहीतरी निघेल, हरीण निघेलच असं नाही.

प्रतिसाद १

ट्रीनं फार फरक पडणार नाही. ती निर्णयांची मांडणी झाली. तुमच्या निर्णयाला माहिती एकच मिळतेय, अंतराची. भीतीचा आकडा ठेवाच, पण खेळाडू किती वेगानं येतोय, थेट रोखानं की तिरपा, यावरून तो वाढवा. चढ झटपट, उतार संथ. कान, चावणं, मान, पाय यांना त्याच आकड्यावरचे वेगवेगळे उंबरठे द्या आणि दर हरणाला ते थोडे हलवा. कान वेगळ्या ॲनिमेशन लेयरवर (बाकी शरीरापासून स्वतंत्र चालणारा थर) टाका, म्हणजे चरतानाही वळतील.

साखळीचं म्हणाल तर शेजाऱ्याची मान वर दिसली म्हणून भीती वाढवू नका, फक्त नजर तिकडे वळवा. स्वतःला काही दिसलं तरच आकडा चढेल. शेजारी पळत सुटला तर मात्र थेट चढू द्या.

चरताना रोख जुळवण्याचं वजन जवळजवळ शून्य करा. शेजारी अंतरानं न मोजता संख्येनं मोजा. स्टार्लिंग या पक्ष्यांच्या थव्यांवरच्या २००८च्या अभ्यासात प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात जणांशीच जुळवून घेतो असं दिसलं होतं. आणि कळप मोठा असेल तर एकेक हरीण मान कमी वेळा वर करतं, कडेची जास्त सावध असतात. हे घातलंत तरी निम्मा कृत्रिमपणा जाईल.

धागाकर्ता

नजर आणि भीती वेगळी करायची हे डोक्यातच आलं नव्हतं, आभार. पण साठ हरणांचे रेकास्ट (खेळाडू दिसतो का हे सरळ रेषा टाकून तपासणं) दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, परवडतील का?

प्रतिसाद १

दर फ्रेमला नकोतच. एका फ्रेमला पाच-सहा हरणांनीच बघायचं, पुढच्या फ्रेमला पुढच्यांनी. मान खाली असेल तर पाळी आणखी उशिरा द्या. रँडम आकड्यानं आणू बघत होता तो विलंब इथे आपोआप येईल, आणि त्याला कारणही असेल: त्या हरणाचं तिकडे लक्षच नव्हतं.