एचपीएलसीच्या यूव्ही बेसलाइनवर एकसारख्या लाटा, लॅम्प बदलू का?

क्यूसी_तुर्भे: मंडळी जरा मदत करा, एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) त्रास देतंय. २१० नॅनोमीटर, मेथॅनॉल-फॉस्फेट बफर ४०:६०, आयसोक्रॅटिक (प्रमाण शेवटपर्यंत तेच), फ्लो मिनिटाला १ मिली. बेसलाइनवर (पीक नसताना डिटेक्टर काढतो ती रेघ) ठरावीक अंतराने लाट येतेय, मेन पीकचं काही बिघडत नाही पण एलओक्यूला (खात्रीने मोजता येईल असं किमान प्रमाण) सिग्नल टू नॉइज १० लागतो तो येतच नाहीये. सिनियर म्हणतात लॅम्प बदल, पण लॅम्प जेमतेम ६०० तास चाललाय आणि परचेसवाले आधी छप्पन्न प्रश्न विचारणार.

अंधेरीकर: लॅम्पला हात लावू नको, पंप बंद कर आणि बेसलाइन बघ. सपाट झाली तर डिटेक्टर निर्दोष. ड्युटेरियम लॅम्प साधारण २००० तास जातो, आणि म्हातारा झाला की वेडावाकडा नॉइज देतो, असा तालात नाही.

जुना_क्रोमॅटवाला: बरोबर, पण पुढे फ्लो ०.५ कर. लाटांमधलं अंतर दुप्पट झालं की पंपच, मग चेक व्हॉल्व्ह (द्रावण उलटं जाऊ न देणारी झडप), पिस्टन सील नाहीतर हेडमध्ये अडकलेली हवा (पिस्टनचा स्ट्रोक ऑटोवर असेल तर तो फ्लोबरोबर बदलतो, आधी फिक्स कर, नाहीतर फसशील). अंतर तेवढंच राहिलं तर वर एसीकडे बघ, आमच्याकडे एसीचा झोत थेट डिटेक्टरवर होता आणि कंप्रेसर चालू-बंद झाला की बेसलाइन डुलायची.

अंधेरीकर: एसी सगळ्यात शेवटी हो दादा, आधी मोबाइल फेज (पंप ढकलतो ते द्रावण). मेथॅनॉलचा कटऑफच २०५ (याच्या खाली तो बहुतेक प्रकाश अडवतो), म्हणजे जवळच्या २१० ला पण तो स्वतःच बऱ्यापैकी शोषतोय, पंपाने प्रमाण जरा इकडेतिकडे केलं की लगेच लाट दिसणार. एकाच बाटलीत प्रीमिक्स करून डिगॅस कर (विरघळलेली हवा काढ). एसीटोनायट्राइल १९० पर्यंत चालतं पण व्हॅलिडेटेड मेथडमध्ये कोण बदलू देणार.

क्यूसी_तुर्भे: पंप बंद केल्यावर सपाट. ०.५ ला अंतर दुप्पट. प्रीमिक्सने लाट निम्म्यावर आली पण गेली नाही. आता इनलेट चेक व्हॉल्व्ह काढून आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) सोनिकेट करतोय (ध्वनिलहरींनी साफ). आउटलेटचा पण काढू का?

जुना_क्रोमॅटवाला: आधी इनलेटचाच, बहुतेक वेळा तोच चिकटतो. आणि काढायच्या आधी बफर पाण्याने धुवून काढलास ना? फॉस्फेटवर थेट आयपीए गेलं तर मीठ तिथेच बसेल.